जुळीं लेंकरें आणि त्यांची थोरली बहीण

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या मातृसभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या सभांत धर्मग्रामाचा इतिहास, शेतीची स्थिति, तरुणांचें शिक्षण अशा भारदस्त विषयांवर भाषणें झालीं. चालकांनीं मजकडे दिलेला विषय त्या मानानें अगदींच घरगुती आहे. जुळीं लेंकरें आणि त्यांच्या वरचें लहान मूल यांना एकाच घरांत, एकाच आईनें, एकाच दिवसांत कसें सांभाळावें, हा तो विषय. मी शाळेंत शिकवितें. परंतु या विषयाची माझी स्वतःचीच परीक्षा अजून चालूं आहे, निकाल लागलेला नाहीं. माझी थोरली मुलगी साडेचार वर्षांची आहे व तिच्या पाठीवरचे जुळे मुलगे सव्वादोन वर्षांचे आहेत. त्यांचीं नांवें मी मुद्दामच सांगत नाहीं. हें भाषण छापलें जाणार आहे, आणि आपलें बाळपण छापावें कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे.

प्रथम एका समजुतीचा निकाल लावूं. आपली वसई केळ्यांची. राजेळी केळ्यांचीं सुकेळीं करण्याचा आपला जुना धंदा. तेव्हां जोडकेळें आपल्या घरांत कधीं ना कधीं येणारच, आणि तें तरुण सुनेनें खाऊं नये, खाल्ल्यास जुळें होतें, असें बजावणारी आजीही प्रत्येक घरांत असणारच. माझ्या बाळंतपणानंतर दोघी बायकांनीं मला अगदीं गंभीरपणें विचारलें, "कधीं खाल्लें होतेंस गं?" भगिनींनो, जोडकेळें म्हणजे एका सालींत वाढलेलीं दोन फळें, याहून त्यांत अधिक कांहीं नाहीं.

जुळ्यांचे प्रकार दोन आहेत. पहिल्या प्रकारांत आईच्या उदरांत एकाच वेळीं दोन बीजें परिपक्व होऊन दोन निराळीं मुलें वाढतात. इतर भावंडें एकमेकांसारखीं दिसतात तितकींच हीं दिसतात. आईच्या माहेरच्या घराण्यांत जुळीं असल्यास, अथवा आईचें वय तिशीच्या पुढें असल्यास, हा प्रकार अधिक आढळतो. अपत्यप्राप्तीसाठीं होणाऱ्या औषधोपचारांमुळेंही अलीकडे त्याचें प्रमाण वाढलें आहे. नायजेरियांतील योरुबा लोकांत तर अशीं जुळीं फारच. दुसऱ्या प्रकारांत एकच बीज फलित झाल्यावर दुभंगतें आणि त्याचीं दोन मुलें होतात. हा प्रकार सर्व देशांत जवळजवळ सारखाच, म्हणजे हजार प्रसूतींमागें सुमारें 4 वेळां, घडतो. माझे मुलगे या दुसऱ्या प्रकारचे. चेहरा एक, आवाज एक, रडण्याचा सूरही एक; बोटांचे ठसे मात्र निराळे. उदरांत असतांनाच दोघांच्या बोटांवर निरनिराळ्या रेघा उमटल्या होत्या. मला ही गोष्ट कळली तेव्हां मोठा धीर आला. एवढ्या सारखेपणांतही देवानें दोघांवर दोन निरनिराळ्या सह्या केल्या आहेत, असें सासूबाई म्हणाल्या.

जुळीं बहुधा वेळेआधींच जन्मास येतात. आमचे 35 व्या आठवड्यांत आले. एक 2 किलो 100 ग्रॅमचा, दुसरा 1 किलो 800 ग्रॅमचा. अशा लहानग्या बाळांस आईच्या उघड्या छातीशीं, अंगास अंग लावून, तासन् तास धरून ठेवण्याची एक रीत आहे. 1978 च्या सुमारास कोलंबिया देशांतील बोगोटा शहरांत एका डॉक्टरांनीं ती सुरू केली. कारण दवाखान्यांत उबेच्या पेट्या पुरत नव्हत्या, आणि कांगारूचें पिल्लूं आईच्या पिशवींत वाढतें हें त्यांच्या लक्षांत होतें. आतां जागतिक आरोग्य संघटनाही हीच रीत सांगते. पण बाळें दोन आणि आईची छाती एक! तेव्हां आमच्या घरीं एक माझ्यापाशीं, दुसरें वडिलांच्या सदऱ्यांत. आणि वडील कामावर गेले म्हणजे सासूबाई आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी करून त्याला पोटाशीं बांधीत व जपमाळ ओढीत बसत. थोरलीनें आपली चिंधीची बाहुली तशीच पोटाशीं बांधून घेतली होती. त्या दिवसांतलें हें दृश्य ज्यांनीं पाहिलें त्या सर्वांना हंसूं आलें. त्या बाहुलींत हंसण्यापेक्षां अधिक कांहीं होतें, त्याकडे मी पुढें येईन.

आतां आमचा दिवस. तो पहाटे 5 वाजतां सुरू होतो असें म्हणावें, तर आदला दिवस संपलेलाच नसतो. एक रात्रीं उठला कीं दुसऱ्यास उठवितो. दुसरा झोपीं जातो तों पहिल्यास तहान लागते. मुलांचे वडील पहाटेच्या लोकलनें मुंबईस जातात. वसई रोडपासून चर्चगेटपर्यंतचा 50 किलोमीटरांहून अधिक पल्ला रोज दोनदां काटावयाचा, म्हणजे मुलें जागीं असतांना त्यांना बाप दिसतो तो अर्धा तास सकाळीं आणि अर्धा तास रात्रीं. या तासांत ते काय करतात? दोघांचीं तोंडें धुतात, रात्रीं दोघांना निजवितात. मी त्यांची स्तुति करीत नाहीं. स्वतःच्या लेंकरांना निजविणाऱ्या बापाची स्तुति करण्याचा आपला प्रघात मला थोडा विचित्रच वाटतो.

न्हाणींत एकास पाणी घालावें तर दुसरा ओल्या अंगानें अंगणांत. एकास अंगडें चढवावें तर दुसऱ्यानें आपलें काढून कोंबडीवर टाकलेलें. आणि चालूं लागल्यापासून दोघांचा एक अलिखित करार आहे कीं, दोघांनीं कधींही एका दिशेस पळावयाचें नाहीं. एक जातो विहिरीकडे, दुसरा जातो रस्त्याकडे. आपल्या वाडींत विहीर आहे, पलीकडे बावखल आहे, आणि रस्त्यावर रिक्षा व टँकर आहेत. एका मुलाच्या मागें धांवणारी आई दुसऱ्याकडे पाठ करूनच धांवते. हें कोणत्याही दक्षतेनें टळणारें नाहीं, कारण माणसास पाठीला डोळे नसतात. म्हणून मामंजींनीं ओटीस बांबूचें कंबरभर उंचीचें दार बसविलें, विहिरीवर लोखंडी जाळी घातली आणि बावखलाच्या बाजूस कुंपण केलें. ज्या घरांत जुळीं आहेत त्या घरानें पाळण्याआधीं कुंपणाचा विचार करावा. खेळणीं, कपडे, फोटो हें सर्व मागाहून.

माझ्या स्वयंपाकघरांत खिळ्यास एक वही टांगलेली आहे व तिला दोऱ्यानें पेन्सिल बांधलेली आहे. पानाचे दोन भाग. डावा एकाचा, उजवा दुसऱ्याचा. कोण जेवला, किती, कोणास जुलाब झाले, कोणास कोणतें औषध किती वाजतां दिलें, हें ज्यानें केलें त्यानेंच लिहावयाचें. सासूबाई लिहीत नाहींत, त्या रेघा ओढतात. ही वही चैन नव्हे. दोघांनाही ताप आलेला, घरांत तिघें चौघें माणसें मदतीस धांवलेलीं. अशा वेळीं एकासच दोनदां औषध जाणें व दुसऱ्यास मुळींच न मिळणें अत्यंत सोपें असतें. तापाचें औषध तर मुलाच्या वजनाप्रमाणें मोजून द्यावयाचें, आणि आमच्या दोघांच्या वजनांत आजही पाऊण किलोचा फरक आहे. लसींच्या नोंदीही दोन निरनिराळ्या पुस्तिकांत ठेवाव्या. एकाच्या डाव्या अंगठ्याच्या नखास मी लाल रंग लावीत असें. आतां त्याची गरज राहिली नाहीं, पण त्याला संवय लागली आहे आणि रंग उडाला कीं तो पाय पुढें करून उभा राहतो.

जेवणाचें म्हणाल तर दोघांची आवड एक नाहीं. एकास पेज आणि काटे काढलेला मासा हवा. दुसरा माशाकडे बघतही नाहीं, त्यास वरणभात आणि केळें. एकसारख्या चेहऱ्यांच्या मुलांचीं पोटेंही एकसारखीं असतील, असें पाहुण्यांस वाटतें. खेळण्यांतही तसेंच. एक चेंडू होता, तो दोघांस हवा; म्हणून दुसरा आणला, तर दुसरा खाटेखालीं पडून राहिला आणि भांडण पहिल्याचेंच चालूं. न्याय म्हणजे दोघांस सारखें देणें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं एक दुपार आमच्या घरीं काढावी.

आतां बोलण्याची गोष्ट. जुळीं उशिरां बोलतात असें आपण ऐकतों व तें बऱ्याच अंशीं खरें आहे. इंग्लंडांत मायकेल रटर व त्यांचे सहकारी यांनीं याचा अभ्यास केला, तो 2003 सालीं प्रसिद्ध झाला. जुळ्यांची तुलना त्यांनीं एकुलत्या एका मुलांशीं न करितां, लागोपाठ जन्मलेल्या दोन भावंडांशीं केली; म्हणजे त्या आयांनाही लहान मुलें दोनच होतीं. 3 वर्षांच्या वयास जुळीं सरासरीनें सुमारें 3 महिने मागें असल्याचें दिसलें, आणि त्याचें कारण जन्माच्या वेळच्या अडचणींत नसून, आईचें प्रत्येक मुलाशीं निरनिराळें जें बोलणें असतें त्याच्या कमीजास्तपणांत सांपडलें. हें वाचून कोणा आईनें मनास लावून घेऊं नये. दोघे एकदम बोलत असतां आई दोघांस मिळून उत्तर देते. तिला तोंड एकच आहे. पण 'चला रे', 'जेवा रे', 'नका रे' हीं उत्तरें दिवसभर ऐकणाऱ्या मुलास 'तूं' हा शब्द किती वेळां ऐकूं येतो, तें मोजून पाहावें.

आमच्या घरांत कादोडी बोलतात, शाळेंत मराठी, आणि या दोघांनीं आपसांत तिसरीच भाषा काढिली आहे, तींत मांजर आणि रिक्षा यांना एकच शब्द आहे. ती भाषा ऐकण्यास गोड आहे; परंतु तिच्यावर भागूं लागलें कीं दुसऱ्या भाषेची निकड राहत नाहीं. म्हणून एकास कडेवर घेऊन मी भाजी आणावयास जातें व दुसरा आजीपाशीं राहतो, उद्यां उलट. वाटेंत कोबीविषयीं, कावळ्याविषयीं, जें दिसेल त्याविषयीं बोलावयाचें, आणि प्रत्येक वाक्यांत त्याचें नांव घ्यावयाचें. वाडींतील मंडळी विचारतात, "आज एकच? दुसरा कुठें?" मी म्हणतें, "आज हा आहे." एवढ्या उत्तरानें विचारणाऱ्याचें समाधान होत नाहीं, पण तें कडेवरच्यासाठीं असतें.

आपल्या शुभवर्तमानांत एक जुळा आहे, तो म्हणजे संत थोमा. थोमा हें नांवच मुळीं जुळा या अर्थाच्या अरामी शब्दावरून आलें, आणि दिदुम हें त्याचेंच ग्रीक रूप. तो कोणाचा जुळा होता तें शुभवर्तमान सांगत नाहीं. त्याचें जोडीचें भावंड अजिबात पुढें येत नाहीं. पुढें येतो तो त्याचा स्वतःचा प्रश्न, त्याचा स्वतःचा संशय. आणि जुन्या करारांत एसाव व याकोब आहेतच. तेथें इसहाकाचा जीव एकावर आणि रिबेकेचा दुसऱ्यावर, आणि त्या वांटणींतून पुढें काय काय निघालें तें येथें सर्वांस माहीत आहे. "हा आईचा, तो बाबांचा" असें आपल्याकडे जुळ्यांविषयीं थट्टेनें म्हणतात. ती थट्टा मला आवडत नाहीं.

इतका वेळ मी जुळ्यांविषयींच बोललें. सगळ्यांचें असेंच होतें, आणि येथेंच खरा प्रश्न आहे. जुळे पाहण्यास माणसें येतात, दोन झबलीं आणतात, दोन टोपडीं आणतात, दोघांस दोन मांड्यांवर घेतात. दाराच्या चौकटीपाशीं जी तिसरी उभी असते तिला म्हणतात, "तूं आतां मोठी झालीस हं!" भगिनींनो, हिशेब पाहा. जुळे जन्मले त्या दिवशीं माझी मुलगी बरोबर सव्वादोन वर्षांची होती. आज जुळे तितकेच आहेत, आणि त्यांना सगळा गांव बाळ म्हणतो, त्यांना घास भरवितो, ते पडले तर धांवतो. त्याच वयास ती मात्र मोठी! 'मोठी ना तूं, रडूं नको. मोठी ना तूं, दे त्याला' हीं वाक्यें तिनें ज्या वयांत ऐकिलीं, त्या वयांत तिला स्वतःच्या चपला डाव्या उजव्या ओळखतां येत नव्हत्या.

त्या काळांत ती पुन्हां अंथरूण ओलें करूं लागली आणि पेला सोडून बाटली मागूं लागली. शेजारच्या एका बाईंनीं तिला लाज आणण्याचा उपाय सांगितला. सासूबाईंनीं तो ऐकून घेतला, आणि आंत जाऊन बाटलींत दूध घालून तिच्या हातांत दिली. वर तिला मांडीवर आडवी घेतली व पाय हालवीत बसल्या. आठ दिवस हें चाललें. नवव्या दिवशीं बाटली ओटीवर पडली होती आणि बाई पेरूच्या झाडाखालीं खेळत होत्या. बालसंगोपनावरील पुष्कळ पुस्तकें मीं वाचलीं आहेत, पण या आठ दिवसांचें मोल मला त्यांहून अधिक वाटतें.

एके दिवशीं तिनें विचारलें, "माझी दुसरी कुठें आहे?" प्रथम मला कळेना. मग लक्षांत आलें कीं, बाळें दोन दोनच येतात असा तिचा समज झाला आहे. घरांत तिनें दुसरें पाहिलेंच नव्हतें. आपल्या जोडीची कोणी होती, ती हरवली, किंवा कोणी ठेवून घेतली, म्हणून आपण एकटी आणि ते दोघे, असा तिनें विचार केला होता. मी उत्तर शोधीत होतें, तों सासूबाई तांदूळ निवडतां निवडतां म्हणाल्या, "तुझी दुसरी मी." तेव्हांपासून त्या दोघी सकाळीं मिळून मोगरा खुडावयास जातात, आणि जुळ्यांस त्या कामांत प्रवेश नाहीं.

संध्याकाळीं वीस मिनिटें मी थोरलीस घेऊन वाटेवरच्या क्रुसापर्यंत जातें व परत येतें. पाऊस असला तर छत्री घेऊन जातों. या वीस मिनिटांत तिनें विषय काढल्याखेरीज मी तिच्या भावांचें नांव काढीत नाहीं. घरीं त्या वेळीं भात करपला तरी चालेल, हें मीं घरांतल्या सर्वांस सांगून ठेविलें आहे आणि एकदोनदां तो करपलाही. आणखी एक. पाठच्या भावंडास कडेवर घेऊन शाळा बुडविणारी मुलगी आपल्या वाड्यांतून वडील मंडळींनीं पाहिलेली आहे. कित्येक आज्या स्वतःच तशा वाढल्या. थोरल्या बहिणीनें हौसेनें पाळणा हालविला तर हालवूं द्यावा. परंतु पाळणा हालविणें हें तिचें काम आहे असें घरानें धरून चालूं नये. तिला लेंकरें झालेलीं नाहींत, भाऊ झालेले आहेत.

मग हातभार कोणीं लावावा? कायद्याकडे पाहूं. 1961 चा प्रसूतिलाभ कायदा 2017 सालीं सुधारला आणि नोकरींतील आईची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, ही मोठीच गोष्ट झाली. पण रजा बाळंतपणाची मोजतात, लेंकरांची नाहीं. एक झालें तरी 26, दोन झालीं तरी 26. आणि जिला पहिल्याच खेपेस जुळीं झालीं, तिला पुढच्या बाळंतपणास 12 च आठवडे, कारण त्या ठिकाणीं मात्र कायदा बाळंतपणें सोडून हयात मुलें मोजतो! 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही हा हिशेब तसाच आहे. हें ज्यांनीं लिहिलें त्यांच्या घरीं जुळीं नसावींत. आणि पहाटेच्या गाडीनें दादरच्या बाजारांत फुलें नि भाजी नेणारी जी आपली भगिनी आहे, तिला तर 26 ही नाहींत आणि 12 ही नाहींत.

तेव्हां राहतां राहतो तो शेजार. येथें मी स्पष्ट बोलतें, राग मानूं नये. जुळ्यांच्या घरीं मदतीस येणारी प्रत्येक बाई प्रथम बाळास उचलते. बाळ उचलणें सर्वांस आवडतें. पण बाळ आईच्या मांडीवर ठीक असतें. चुलीवरचें दूध, बादलींतले कपडे, न भरलेलें पाणी, हीं ठीक नसतात. येतांना झबलें आणूं नये, डब्यांत भाजी आणावी. कोणता थोरला, कोणता हुशार, हे प्रश्न जुळ्यांच्या देखत विचारूं नयेत. सव्वादोन वर्षांच्या मुलांस सर्व समजतें. आणि घरांत पाऊल टाकल्यावर पहिलें नांव थोरलीचें घ्यावें, तिची चित्रांची वही मागून घ्यावी, आणि ती खरोखर पाहावी. वरवर पाहिलेली तिला ओळखूं येते.

आमच्या वाडींत चौघी जणींनीं गेल्या पावसाळ्यापासून एक व्यवस्था केली आहे. जिच्या घरीं जुळीं आहेत, किंवा जिचें बाळंतपण कठीण गेलें, तिच्या घरीं दुपारीं 2 ते 4 एक जण जाते. ती स्वयंपाकघर पाहते, आणि आई त्या वेळांत एक तर झोपते किंवा एका मुलास, एकाच मुलास, घेऊन बसते. पैसे नाहींत, आभार नाहींत, चहाही स्वतः करून प्यावयाचा. या महिन्यांत आपल्या धर्मग्रामांत आणखी एका घरीं जुळीं झालीं आहेत. वर तीन वर्षांचा मुलगा आहे. त्या घरासाठीं सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार लागले आहेत. बुधवार व शुक्रवार रिकामे आहेत. ज्या भगिनींना यांपैकीं एक दुपार देतां येईल त्यांनीं सभा संपल्यावर दाराशीं ठेविलेल्या वहींत आपलें नांव लिहावें. पेन्सिल दोऱ्यास बांधलेली आहे.